आज कुठलं अक्षर?



दर मंगळवारी संध्याकाळी माझी नात फोन करते. आधी तिच्या आजोबांची तब्येत विचारते आणि मग लगेच म्हणते, “आजी, उद्या कुठलं अक्षर?” मी सांगते, “उद्या ‘की’.” मग आम्ही दोघी ‘की’ ने सुरू होणारी गाणी आठवत बसतो. कुणी बाहेरचा ऐकेल तर त्याला वाटेल, या आजी-नातीने लॉटरी लावली आहे! पण यात लॉटरी नाही. हे प्रकरण एका जपानी बाईने सुरू केले आणि आमच्या घरात ते औषधासारखे कामी आले. आपल्या लोकांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून लिहीत आहे. मी काही लेखिका नव्हे, चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही मूळचे भायखळ्याचे. मी नर्स होते, आणि आमचे हे परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. १९७४ साली आम्ही अमेरिकेत आलो. आता न्यू जर्सीत फोर्ट ली येथे राहतो. जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की पलीकडे न्यूयॉर्क. आमच्या या भागात कोरियन लोक पुष्कळ, जपानीही बरेच. जवळच एजवॉटरला हडसन नदीच्या काठावर मित्सुवा नावाचा मोठा जपानी बाजार आहे. तिथे मासळी फार ताजी मिळते, म्हणून आम्हा कोकणच्या माणसांचे पाय तिकडे आपोआप वळतात.

माझी आणि यांची ओळख झाली ती गाण्याच्या भेंड्यांमुळे. १९६६ चा डिसेंबर असेल. आमच्या आळीची सहल अलिबाग-नवगावला निघाली होती. आपले पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले असे आपण सांगतो, ते नवगाव. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. लाँच सुटली, वारा लागला आणि भेंड्या सुरू झाल्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका.

मुलांनो, भेंड्या म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. एका बाजूने गाणे म्हणायचे, ते ज्या अक्षरावर थांबेल त्या अक्षराने दुसऱ्या बाजूने नवे गाणे सुरू करायचे. हिंदीत याला अंताक्षरी म्हणतात. त्यात अडचण अशी की काही अक्षरांवर गाणी संपतात, पण त्या अक्षराने सुरू होणारे गाणे नसते. ‘ळ’ आला की काय करायचे? मग ‘ल’ घ्यायचा. ‘ण’ आला तर ‘न’ घ्यायचा. त्यावरून भांडणे ठरलेली!

त्या दिवशी आम्ही बायकांनी मुद्दाम ‘ण’ वर संपणारी गाणी काढली. पुरुष मंडळी हैराण. आमचे हे मात्र प्रत्येक वेळी ‘न’ चे नवे गाणे काढत. शेवटी त्यांनी ‘बूट पॉलिश’ मधले डेव्हिडसाहेबांचे गाणे काढले. डेव्हिड अब्राहम चेउलकर, आपल्याच समाजाचे नट. तो सिनेमा १९५४ चा. त्यातल्या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले होते. गाणे कोणते ते मी इथे लिहीत नाही. ‘न’ ने सुरू होते एवढे पुरे. मुलांनी घरातल्या आजोबांना विचारावे. त्या गाण्यात एक मोठा माणूस मुलांना प्रश्न विचारतो आणि मुले उत्तर देतात. लाँचवरची सगळी पोरे यांच्याभोवती जमली आणि उत्तरे देऊ लागली. रेवसचा धक्का आला तरी गाणे चालूच. पुढे १९६८ साली आमचे लग्न झाले.

आता मधली वर्षे सोडते. २०२२ च्या पानगळीत यांना स्ट्रोक आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितले, याला अफेजिया म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि त्याच बाजूला मार लागला होता. माणसाला सगळे कळते, काय म्हणायचे तेही ठाऊक असते, पण शब्द सापडत नाही. आमचे हे नुसते “ते... ते... ते...” म्हणत.

मी चाळीस वर्षे नर्सिंग केले. किती रोग्यांच्या घरच्यांना मी धीर दिला असेल! पण स्वतःच्या घरात मी चुकले. मी यांच्यापुढे वस्तू धरायची आणि म्हणायची, “अहो, हे काय? सांगा ना. येतं तुम्हाला. सांगा!” एक दिवस मी चमचा धरून पाच वेळा तसे विचारले. त्यांनी डाव्या हाताने चमचा हिसकला, भिंतीवर फेकला आणि तोंड फिरवून रडू लागले. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात मी त्यांना दोनदाच रडताना पाहिले होते. हे तिसऱ्यांदा, आणि माझ्यामुळे.

स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी घरी येत असे. तिने मला युक्ती शिकवली. शब्द विचारायचा नाही, शब्दाचा पहिला आवाज द्यायचा. तिने पेला धरला आणि इंग्रजीत “वॉ...” म्हणाली. हे गप्प. परत “वॉ...”. काही नाही. मी सहज म्हटले, “पा...” आणि हे म्हणाले, “पाणी.” अगदी स्पष्ट. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. पन्नास वर्षे या देशात इंग्रजी बोललेला माणूस, पण पाणी त्यांना ‘पा’ नेच सापडले. त्या दिवसापासून आमच्या घरात पहिल्या अक्षराचा खेळ सुरू झाला. ‘च’ म्हटले की ‘चहा’. ‘भा’ म्हटले की ‘भात’. पण एका शब्दापुढे गाडी जात नव्हती.

२०२३ च्या वसंतात आम्ही जवळच्या एका वृद्धांच्या केंद्रात जाऊ लागलो. सकाळी गाडी येते, दुपारी घरी सोडते. तिथे बुधवारी दुपारी कराओके असतो. टेबलावर तीन जाडजूड पुस्तके ठेवलेली असतात, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीसारखी. एक इंग्रजी गाण्यांचे, एक कोरियन, एक जपानी. पुस्तकात गाणे शोधायचे, त्याचा नंबर यंत्राला द्यायचा, की संगीत सुरू होते आणि पडद्यावर ओळी येतात. कोरियन पुस्तक त्यांच्या ग, न, द या क्रमाने. इंग्रजी ए, बी, सी ने. आणि जपानी पुस्तक आ, इ, उ, ए, ओ ने.

जपानी टेबलावर एक आजी बसतात. वय नव्वदच्या घरात. सगळे त्यांना ‘ओबाआसान’ म्हणतात, म्हणजे जपानीत आजीच. त्यांची नजर अधू झाली आहे, पुस्तकातली बारीक चित्राक्षरे त्यांना दिसत नाहीत. म्हणून त्या नुसते अक्षर सांगतात. “उ” म्हणाल्या की मदतनीस मुलगा ‘उ’ ची पाने उघडतो आणि गाण्यांची नावे एकेक वाचत जातो. हवे ते आले की ओबाआसान मान हलवतात.

त्यांनीच तिथे नियम घातला होता. पूर्वी दर बुधवारी सगळे तीच तीन-चार गाणी म्हणत आणि ती आधी कोण म्हणणार यावरून रुसवेफुगवे होत. ओबाआसान म्हणाल्या, आठवड्याला एक अक्षर. त्या आठवड्यात गाण्याचे नाव त्या अक्षराने सुरू झाले पाहिजे. जपानीत अशी मूळ अक्षरे आज ४६ आहेत. त्यांतल्या शेवटच्या ‘न्’ ने आणि ‘वो’ म्हणून जे एक अक्षर आहे त्याने कुठलाच शब्द सुरू होत नाही. उरली ४४. आठवड्याला एक धरले आणि सणासुदीच्या सुट्या सोडल्या, तर वर्षभराचा हिशेब लागतो. ‘न्’ चा त्रास त्यांनाही आहे बरे का! जपानी मुले ‘शिरितोरी’ नावाचा खेळ खेळतात, अगदी आपल्या भेंड्यांसारखा, फक्त गाण्यांऐवजी शब्दांचा. त्यात ‘न्’ वर संपणारा शब्द जो म्हणेल तो हरला. आपण निदान ‘ण’ चा ‘न’ करून सुटतो, त्यांना ती सोय नाही.

आम्ही प्रथम गेलो तो ‘सा’ चा बुधवार होता. नव्या माणसाने गाणे म्हणायचेच, असा आग्रह. मला ‘सा’ वरून एकच आठवले, १९६६ च्या ‘लव्ह इन टोकियो’ मधले लताबाईंचे, ज्याचा पहिला शब्दच जपानी निरोपाचा आहे. म्हटले ते. सगळे जपानी टेबल हसून लोटपोट! ओबाआसान म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी ही बाई निरोप घेते आहे!” हे मात्र खिडकीबाहेर बघत होते. पण माझे लक्ष होते, डाव्या हाताची दोन बोटे चाकाच्या खुर्चीवर ठेका धरत होती.

इथे कराओकेबद्दल दोन शब्द. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे छोटे रूप. म्हणजे रिकामा वाद्यवृंद, ज्यात गायकाची जागा मोकळी ठेवली आहे. १९६७ साली तोक्योत शिगेइची नेगिशी यांनी असे एक यंत्र बनवले. ते २०२४ साली शंभराव्या वर्षी वारले. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने त्यांची माहिती नसताना आपले यंत्र केले, अकरा यंत्रे बनवून दुकानांना भाड्याने दिली. त्यांनी पेटंट घेतले नाही, त्यामुळे जगभर यंत्रे खपली तरी त्यातला पैसा त्यांना मिळाला नाही. २००४ साली त्यांना इथे हार्वर्ड विद्यापीठात ‘इग नोबेल’ हे गमतीचे शांतता पारितोषिक देण्यात आले. माणसांनी एकमेकांना सहन करावे याचा नवा मार्ग काढल्याबद्दल! दुसऱ्याचे बेसूर गाणे ऐकून घेणे ही शांततेची शिकवणच नव्हे का?

‘सा’ नंतर दहा आठवड्यांनी ‘ना’ आला. जपानी टेबलावरच्या एका बाईंनी ‘नात्सु नो ओमोइदे’ म्हटले. उन्हाळ्याच्या आठवणीचे, १९४९ सालचे गाणे. मग माझी पाळी आली. ‘ना’ नव्हे, पण ‘न’ चालेल का, म्हणून मी विचारले. ओबाआसान म्हणाल्या, चालेल. मला लाँच आठवली. पण ते गाणे यंत्रात कुठून असणार? तेव्हा आमचा वाद्यवृंद खरोखरच रिकामा. मी यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, मांडीवर ठेका धरला आणि पहिले अक्षर लांबवले, “न...”

आणि हे गाऊ लागले.

एक शब्द नव्हे, पहिली ओळ पूर्ण. मग दुसरी. आवाज खरखरीत, पण सूर जागेवर आणि शब्दही जागेवर. गाण्यातला प्रश्न विचारून झाल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आले, मुलांनी उत्तर द्यायचे असते! मी उत्तराची ओळ म्हटली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. आठ महिने त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता, विचारता येतच नव्हता. टेबलावरचे लोक टाळ्यांचा ठेका धरू लागले. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण प्रश्न कोणता आणि उत्तर कोणते ते सगळ्यांना कळले. ओबाआसानही माझ्याबरोबर उत्तराला “ला ला” करू लागल्या.

गाणे संपले. यांना काही सांगायचे होते, पण परत “ते... ते...” सुरू झाले. म्हणजे चमत्कार झाला असे मी म्हणत नाही. थेरपिस्ट मुलीला सांगितले तेव्हा तिला नवल वाटले नाही. ती म्हणाली, बोलण्याची वाट बंद झाली तरी पुष्कळांची गाण्याची वाट उघडी राहते, कारण गाण्याच्या कामात मेंदूची उजवी बाजूही असते. १९७३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी यावरून उपचाराची रीत बसवली, सुरात म्हणता म्हणता हळूहळू बोलण्याकडे आणायचे. ॲरिझोनाच्या काँग्रेस सदस्य गॅबी गिफर्ड्स यांना २०११ साली डोक्यात गोळी लागली, त्यांनाही बोलणे परत शिकवताना गाण्यांचा आधार घेतला होता. मी तिला म्हटले, “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “सांगितलं होतं. पण कुठली गाणी ते मला कुठे ठाऊक?” ते खरेच. यांची गाणी तिला कोण देणार? ती आम्हीच द्यायला हवी होती.

मग नात कामाला लागली. ती बारा वर्षांची. मराठी समजते, थोडी बोलते, वाचता येत नाही. तिने वही घेतली आणि मी सांगेन ती गाणी इंग्रजी अक्षरांत, ए, बी, सी च्या क्रमाने लिहिली. हिंदी, मराठी, मलिद्याच्या वेळची, आपल्या कीर्तनातली पदे. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी मराठीतून कीर्तने करायला सुरुवात केली. यांच्या आजोबांना त्यांतली पुष्कळ पदे पाठ होती.

वही झाली आणि तिने मोठ्या उत्साहाने ‘टी’ चे पान उघडून आजोबांपुढे धरले. म्हणाली, “आजोबा, टी!” यांनी स्वयंपाकघराकडे बघितले आणि म्हणाले, “चहा!”

आम्ही दोघी खूप हसलो, हेसुद्धा हसले. पण मग माझ्या लक्षात आले. इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. शिवाय ‘टी’ च्या पानावर ट, ठ, त, थ सगळे एकत्र कोंबलेले. ‘टी’ म्हणून कुणाला ‘तू’ चे गाणे आठवेल? आपल्या ‘त’ चे नाव ‘त’ आणि आवाजही ‘त’. जपानी अक्षरांचेही तसेच, ‘का’ म्हणजे ‘का’. म्हणून ओबाआसानच्या रीतीने पहिले अक्षर नुसते तोंडाने म्हटले तरी गाण्याचा दरवाजा थोडा उघडतो.

ही अडचण जपानी लोकांनाही इथे आली आहे. ‘फुरुसातो’ नावाचे त्यांचे १९१४ पासूनचे शाळेतले गाणे आहे, गावाच्या आठवणीचे. जपानी क्रमात ‘फु’ हे अक्षर हा-ही-फु-हे-हो या ओळीत बसते. इंग्रजीत लिहिले की ते ‘एफ’ मध्ये जाते आणि त्याची भावंडे ‘एच’ मध्ये राहतात. क्यू साकामोतो यांचे १९६१ चे ‘उए ओ मुइते आरुको’ तर पार हरवलेच होते. परदेशातल्या रेकॉर्डवाल्यांना ते नाव म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याला ‘सुकियाकी’ हे एका मांसाच्या पदार्थाचे नाव ठेवले. गाण्याचा आणि त्या पदार्थाचा काही संबंध नाही. त्या नावाने ते जून १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. आमच्या केंद्रात ते इंग्रजी पुस्तकात ‘एस’ खाली आहे आणि जपानी पुस्तकात ‘उ’ खाली. ‘उ’ च्या बुधवारी ओबाआसान ते म्हणतात. त्यांच्या नातवंडांनी मात्र ते ‘सुकियाकी’ म्हणूनच ऐकले आहे. उपनगरातल्या आपल्या मुलांची नावेही शाळेत एक आणि घरी दुसरी नसतात का? हाक कुठल्या नावाने मारायची ते ठाऊक असले पाहिजे, तरच ‘ओ’ मिळते.

तेव्हा नातीला म्हटले, “आपण वही परत लिहू, पण मराठीच्या क्रमाने.” तिला मी क, ख, ग चा तक्ता लिहून दिला. ओबाआसानने तिला जपानी अक्षरांचा तक्ता दिला होता, त्याचे उच्चार तिने इंग्रजीत लिहून घेतले होते. दोन्ही शेजारी ठेवून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आजी, हे सेम आहे!”

मुलांनो, तुम्हीही करून बघा. जपानी ओळी अशा आहेत : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपला क्रम म्हणा. आधी स्वर, मग क चा वर्ग, च चा, ट-त चा आणि त्याच्या शेवटी न, मग प चा आणि त्याच्या शेवटी म, आणि पुढे य, र, ल, व. जुळले की नाही? दोनच ठिकाणी फरक वाटेल. च च्या जागी ‘सा’ आहे आणि प च्या जागी ‘हा’. पण विद्वान सांगतात की फार पूर्वी जपानी लोक ‘सा’ चा उच्चार ‘च’ च्या जवळचा करीत आणि ‘हा’ चा ‘पा’. म्हणजे तेही जुळले.

हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू धर्मग्रंथांसाठी संस्कृत अक्षरे शिकत. ती विद्या चीनमधून जपानमध्ये गेली. ७३६ साली बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू स्वतः जपानला पोचला होता, आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. संस्कृत वर्णमाला ज्या क्रमाने पाठ केली, त्याच क्रमाने पुढे जपानी भिक्षूंनी आपल्या अक्षरांचा तक्ता लावला. तोंडात आवाज कुठून निघतो त्याप्रमाणे, घशापासून ओठांपर्यंत. म्हणजे फोर्ट लीच्या कराओके पुस्तकात गाणी ज्या क्रमाने लावली आहेत, तो क्रम आमच्या भायखळ्याच्या शाळेतल्या पाटीवरचाच! हे ओबाआसानना सांगितले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “मग आपण एकाच वर्गात होतो.”

आणि पहिल्या अक्षरावरून आठवायचे हे आपल्याला तरी नवे कुठे आहे? ‘आश्रे’ घ्या. १४५ वे तेहिलीम. ओळीमागून ओळ अलेफ, बेथ, गिमेल याप्रमाणे जाते, फक्त ‘नून’ ची ओळ त्यात नाही. ११९ व्या तेहिलीममध्ये तर बावीस अक्षरांच्या प्रत्येकी आठ, अशा १७६ ओळी आहेत. शब्बाथच्या रात्री घरच्या बाईसाठी म्हणतात ते ‘एशेत हायिल’ ही अक्षरांच्याच क्रमाने. पुस्तके हाताने लिहावी लागत त्या काळात अक्षराला धरून पुढची ओळ आठवायची, ही किती मोठी सोय! आमचे हे आता शब्बाथला ‘आश्रे’ म्हणतात. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर मी देते, पुढचे ते चालीवर म्हणतात. कधी अर्ध्यावर थांबतात. ‘नून’ च्या जागी ओळ नसते तरी ते तिथे हमखास माझ्याकडे बघतात आणि डोळे मिचकावतात. ‘न’ ने आमची गाठ घातली, ते त्यांच्या लक्षात असावे असे मला वाटते. विचारून उपयोग नाही, ते सांगू शकणार नाहीत.

आज वहीत २१३ गाणी आहेत. बोलणे फार सुधारलेले नाही. पंधरा-वीस शब्द आपणहून येतात. पण रोज संध्याकाळी आम्ही एक अक्षर घेतो आणि अर्धा तास घरात त्यांचा आवाज असतो. वहीतली काही पाने कोरी आहेत. ‘ऊ’ ला एकच गाणे आहे. यांच्या आजोबांच्या कीर्तनातली कितीतरी पदे अशी आहेत की मला चाल येते आणि पहिले अक्षर आठवत नाही. यांना पुढचे येत असेल, पण पहिले अक्षर दिल्याशिवाय ते बाहेर येत नाही. आम्ही दोघे समोरासमोर बसतो, एकाकडे चाल आणि दुसऱ्याकडे शब्द, आणि मधले एक अक्षर सापडत नाही. ज्यांना ते ठाऊक होते ती माणसे आता कुणी नवगावला, कुणी भायखळ्याला, कुणी अश्दोदला मातीआड झाली.

म्हणून ही विनंती. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठणठणीत असतानाच बसवा आणि एकेक अक्षर द्या. ‘अ’ वरून काय म्हणत होता? ‘आ’ वरून काय? सबंध गाणे लिहून घ्यायला वेळ नसेल तर नुसते पहिले दोन-तीन शब्द लिहा, पण मराठी अक्षरांत लिहा. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर निदान क्रम तोंडपाठ करू द्या, पुढची वाट तेच दाखवतील. आणि जुन्या कीर्तनातली ज्यांना आठवतात त्यांनी या पत्रिकेकडे पहिले शब्द जरूर पाठवावेत. आमच्या घरात पुढचे शब्द थांबून राहिले आहेत.

फोन वाजतो आहे. आज मंगळवार. उद्याचे अक्षर ‘कु’.

सर्वांना शालोम.